चौदा नंबर विहिरीत गेला: पोहणारी पेशंट आणि क्लिअर अलायनर, एक केस

पेशंट १९ वर्षांची मुलगी. गाव अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीच्या अलीकडचं, अप्पर वर्धा धरणाचा कालवा शेताजवळून जातो म्हणून यांच्या विहिरीला एप्रिल-मे मध्येही पंधरा फूट पाणी असते, नाहीतर आमच्याकडे त्या दिवसात विहिरीत बादली टाकली की दगडावर आपटल्याचा आवाज येतो. शिकायला अमरावतीला, फिजिकल एज्युकेशनच्या डिग्रीला, आणि तिथं स्विमिंग हा अभ्यासक्रमाचाच भाग. तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेऊन लिहून राहिलो, नाव-गाव मुद्दाम देत नाही.

तक्रार साधी होती. खालच्या समोरच्या दातांची दाटी, आणि वरचा डावा सुळा बाहेर. तार लावून झालं असतं, पण "तार नको सर, कॉलेजात सगळे हसतीन" म्हणे. मग क्लिअर अलायनर ठरले, म्हणजे दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, वर-खाली मिळून २४ जोड्या, एकेक जोडी १० दिवस, दिवसातून २२ तास तोंडात. एकेका ट्रेनं दात फार तर पाव मिलिमीटर सरकतो, म्हणूनच एवढ्या जोड्या लागतात आणि म्हणूनच मधली एखादी गेली की साखळी तुटते. घरात या ट्रेला सगळे कव्हर म्हणतात, आजीपण.

आता माझी चूक आधीच सांगून टाकतो. सुरुवातीला मी तिला सगळं विचारलं, खर्रा-सुपारी, रात्री दात करकर वाजतात का, बर्फ फोडून खायची सवय, नखं कुरतडणं. पोहते का हे विचारलंच नाही. आमच्या ओपीडीत हा प्रश्न येतच नाही, इथं ज्याला पोहता येते तो विहिरीत पाठीला रिकामी कॅन बांधून शिकलेला असतो आणि त्याला कोणी छंदबिंद म्हणत नाही, फॉर्ममध्ये लिहायचं तर डोक्यातही येत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात निळ्या टाइल्सचा पूल आणि हसणारी बाई होती, ते पान मी स्वतःही कधी धड वाचलं नव्हतं.

पाचव्या ट्रेला तिचा व्हॉट्सॲप आला, "सर पूलमध्ये कव्हर काढू का ठेवू". मी म्हटलं ठेव. विचार करूनच म्हटलं होतं, आजही तेच म्हणतो. हिशोब असा की सकाळचा चहा-पोहे, जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण आणि ब्रशिंग धरून दोन तास तसेच जातात. पूलचा तास दीड तासाचा, त्यात कपडे बदलणं, शॉवर, मैत्रिणीशी गप्पा, की झाले अजून दोन. म्हणजे आठवड्यातले चार दिवस ती २० तासांवर येणार, आणि हे सगळं नीट पाळलं तर, कारण डबीत ठेवलेला ट्रे वेळेवर परत तोंडात जातो असं माझ्या अनुभवात तरी नाही.

राहिला क्लोरीनचा प्रश्न. पूलमध्ये क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग, ठेवतात, पीएच ७.२ ते ७.८, एवढ्यानं ट्रेचं प्लास्टिक काही विरघळत नाही. वर्षभर एकच ट्रे घातला तर धुरकट होईल, पण आपण तो दहा दिवसात बदलतोच. काळजी दाताची करायची. ट्रे आणि दात यांच्यामधल्या फटीत ते पाणी जाऊन बसते आणि लाळ तिथं पोचत नाही, म्हणून बाहेर आल्याबरोबर दोन्ही ट्रे काढायचे, साध्या पाण्यानं चूळ भरायची, ट्रे साध्या पाण्याखाली धरायचे आणि परत घालायचे, एक मिनिटाचं काम. पूलचं पाणी जर नीट राखलेलं नसलं आणि आम्लाकडे झुकलं तर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, झिजते, आणि आठवड्याला ६ तासांच्या वर पोहणाऱ्यांच्या समोरच्या दातांवर तपकिरी कडक थर बसतो, त्याला स्विमर्स कॅल्क्युलस म्हणतात, तो ब्रशनं निघत नाही, क्लिनिंगच करावी लागते. हिचे बरोब्बर ६ तास होत होते म्हणून दर दोन महिन्यांनी पाहून राहिलो होतो. पाचपासून तेरापर्यंत एकही गडबड नाही.

मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि पोरगी गावी आली.

चौदा नंबरचा चौथा दिवस. दुपारचे एक-दीड, पारा ४५ च्या आसपास, भाऊ आणि दोन चुलतभाऊ आणि ही, सगळे विहिरीत. पूलमध्ये ठेवायचं म्हणजे विहिरीतही ठेवायचं, असं तिनं धरलं, आणि यात तिचं काही चुकलं नाही, मी वेगळं सांगितलंच नव्हतं. तासभर सूर मारून झाले, पाय पोटाशी घेऊन धपाधप उड्या झाल्या, ट्रे जागेवर. म्हणजे लोकं जे समजतात की उडी मारली की निघून जातो, तसं झालं नाही. झालं काय, तर भावानं तोंडावर पाणी उडवलं म्हणून हिनं गालभर पाणी घेतलं आणि त्याच्यावर चुळीची पिचकारी मारली. पाण्याबरोबर खालचा ट्रे बाहेर. ती सांगते की जिभेला आधी दाताच्या कडा टोचल्या, गुळगुळीत लागायच्या त्या जागी खरबरीत लागल्या, आणि मग कळलं की गेला. समोर भाऊ हसून राहिला होता, त्याच्या खांद्याशी काहीतरी एक क्षण चमकलं म्हणे, बस्स.

हे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असते. तरंगत नाही. वाटीत पाणी घेऊन टाकून पाहा, पानासारखं डोलत डोलत तळाला जाते. पूलमध्ये तळाची टाइल तरी दिसते, विहिरीत पंधरा फूट पाण्याखाली गाळ, त्यात पारदर्शक ट्रे.

पोट्ट्यांनी अडीच तास बुड्या मारल्या. मग बादली काढायचा गळ आणला, आणि त्या गळाला एक चप्पल, एक गंजलेली कडी आणि तिच्या काकाची चार वर्षांपूर्वी पडलेली कळशी लागली, ट्रे नाही. एकानं म्हणे लोहचुंबक सोडून पाहू असंही सुचवलं. शेवटी वडील आले, पाहून राहिले, आणि म्हणाले "काऊन बे, मराचं हाय का? या वर." ते बरोबरच बोलले. थकल्यावर परत परत बुडी मारणं हे ट्रेपेक्षा फार महागात पडू शकते आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडे अशा एक-दोन बातम्या असतातच.

मला फोन आला संध्याकाळी सात वाजता. "सर, कव्हर गेलं." मी विचारलं कधी, तर दुपारी. म्हणजे पाच-सहा तास झालेले. मी विचारलं तेरा नंबर कुठं आहे, तर तिकडे शांतता, मग मागून आजीचा आवाज, "सुईदोऱ्याच्या डब्यात हायत न सगळे". आजीनं एकपासून तेरापर्यंतचे सगळे ट्रे जपून ठेवले होते, मी नाही सांगितलं तरी, कारण एवढ्या पैशाची वस्तू फेकायची कशी. मी पेशंटना सांगत असतो की निदान मागचा एक तरी ठेवा, आजीनं तेरा ठेवले, आणि या केसमध्ये जे काही वाचलं ते त्या डब्यामुळं.

मागचा ट्रे का, हे जरा समजून घेण्यासारखं आहे. क्लिअर अलायनरचा धंदा ज्यांच्यापासून जगभर सुरू झाला ते झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ, १९९७ साली कॅलिफोर्नियात. चिश्तीनं मोठेपणी दाताला तारा लावून घेतल्या होत्या आणि तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, घालायचा होता. त्याच्या ध्यानात आलं की रिटेनर काही दिवस नाही घातला तर दात सरकतात, आणि परत घातला की तोच रिटेनर त्यांना जागेवर आणतो, मग अशा प्लास्टिकच्या साच्यांची रांगच केली तर दात हवे तिथं नेता येतील. आमचं त्या रात्रीचं काम म्हणजे याचंच उलटं टोक. चौदाचे चार दिवस झालेले, दात अर्धवट सरकलेले, हिरडीतले धागे ताणलेले, आणि ते धागे दाताला मागं ओढायलाच बसलेले असतात. रात्रभर काहीच नाही घातलं तर दात कुठं जातील ते आपल्या हातात नाही. तेरा घातला तर निदान किती मागं जातील ते ठरलेलं.

चौदाचे आठ-नऊ दिवस झाले असते तर मी सरळ पंधरा घालून पाहायला सांगितला असता. चौथ्या दिवशी नाही. चार दिवसात अर्धं काम झालेलं असते, त्यावर पुढचा ट्रे दाबून बसवला की वरवर बसल्यासारखा वाटतो आणि दात आत मागेच राहतो, पुढं चार ट्रेनंतर ट्रेच्या कडेला फट दिसायला लागते आणि मग सगळं नव्यानं स्कॅन. अशी एक केस माझ्याकडून पूर्वी झाली आहे, तेव्हापासून घाई करत नाही.

रात्री साडेसातला व्हिडिओ कॉलवर तेरा नंबर घातला. आईनं मोबाईलच्या टॉर्चमध्ये फोटो काढून पाठवले, फोटोत दात कमी आणि नाक जास्त, पण कळलं की मागं नीट बसला, समोर उजव्या बाजूला घट्ट. च्युई होती, म्हणजे ती छोटी रबरासारखी नळी असते चावायची, ती दहा-दहा मिनिटं चावायला सांगितली. वरचा चौदाच ठेवायचा, त्याला काही झालेलं नाही, पण पुढं पंधरावर न्यायचा नाही, खालचा येईपर्यंत वरच्यानंही थांबायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक क्लिनिकला. आता खरी गोष्ट सापडली. ट्रेची पकड नुसती प्लास्टिकवर नसते, काही दातांवर आम्ही दाताच्याच रंगाचा, तांदळाच्या कणीएवढा उंचवटा चिकटवतो, अटॅचमेंट म्हणतात, ट्रे त्याच्यावर टिचकन अडकतो. हिच्या खाली चार होते. मोजले तर दोन. डावा-उजवा एकेक गायब.

"हे कधी निघालं बाई?"

"ते... पंधरा दिवस झाले असतीन सर. फुटाणे खाताना एक गेला. दुसरा कधी गेला तं समजलाच नाही."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं सुट्ट्या संपल्यावर सांगू. कव्हर तं बसूनच राहिलं होतं न."

बसत होतं ते खरंच. पण दोन खुंट्या निघालेल्या दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं. वरून तिला एक सवय लागलेली, अभ्यास करताना जिभेनं खालचा ट्रे वर ढकलायचा आणि परत दातानं दाबायचा, टक टक टक. वडील म्हणाले, "सायब, रात्री पंख्याच्या आवाजातही आयकू येते." ढिला झालेला ट्रे, निघालेल्या अटॅचमेंट, आणि त्यावर गालभर पाण्याची पिचकारी. पूलमध्ये आठ-नऊ ट्रे सुखरूप का राहिले तेही इथंच कळते, तिथं कोच शिट्टी घेऊन उभा, लाइनीत पोहायचं, तोंड श्वासापुरतं उघडायचं. विहिरीत माणूस पोहायला कमी आणि मस्ती करायलाच जास्त उतरते.

अटॅचमेंट निघायलाही कारण होतं, नुसते फुटाणे नाही. पोरगी दहा वर्षांची होईपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात मामाकडे होती, बोअरचं पाणी. तिकडे कित्येक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असताना ते पोटात गेलं की इनॅमलवर खडूसारखे पांढरे पट्टे येतात. हिचे हलके होते, दिसायला काही वाईट नाही, पण अशा इनॅमलवर चिकटवलेली वस्तू कमी टिकते. पहिल्यांदा लावताना मी हे पट्टे पाहिले होते, फाइलमध्ये लिहिलंही होतं, आणि तरी नेहमीसारखंच लावलं. या वेळी वरचा थर किंचित घासून घेतला, ॲसिडचं जेल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवलं, मग चिकटवले. त्यानंतर आजपर्यंत टिकले आहेत.

कंपनीला खालच्या चौदाची रिप्लेसमेंट कळवली. कुरिअर आमच्या तालुक्यापर्यंतच येते, गावात नाही, आणि मध्ये दोन सुट्ट्या, सोळा दिवस लागले. या सोळा दिवसात तेरा नंबर २२ तास. नवा चौदा आला तेव्हा घट्ट होता, पहिले दोन दिवस दुखलं, तो पुन्हा पहिल्यापासून दहा दिवस घातला. म्हणजे गेलेले चार आणि वाट पाहिलेले सोळा, वीस दिवस ट्रीटमेंट लांबली. एका पिचकारीचे वीस दिवस, असं तिचा भाऊ तिला चिडवते, आणि ती म्हणते पाणी आधी कोणी उडवलं.

या वीस दिवसात पोहणं बंद करू का असं वडिलांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ४५ डिग्रीत पोरीला विहिरीपासून तोडायचं म्हणजे ती चोरून जाणार आणि मग ट्रे पंपाच्या स्टार्टरच्या पेटीवर ठेवणार. ती लोखंडी पेटी दुपारी हात लावू देत नाही, आणि ट्रे उष्णतेनं वाकडा होतो हे माझ्या दुसऱ्या एका पेशंटनं सिद्ध केलं आहे, गुरुजी आहेत, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवून लग्नात जेवायला गेले, परत आले तर ट्रे कोणत्याच दाताला ओळख देईना.

म्हणून ठरलं ते असं. पूलमध्ये दोन्ही ट्रे तोंडात, फक्त अटॅचमेंट सगळ्या जागेवर असल्या तर, आणि पाणी तोंडात घेऊन थुंकायचं नाही. विहीर, कालवा, शेततळं इथं दोन्ही बाहेर, तळ दिसत नाही तिथं तोंडात ठेवायचाच नाही, शिवाय ढिला ट्रे तोंडात असताना दम लागून घशाकडे गेला तर वेगळंच संकट. विहिरीच्या शेवाळाचं, फवारणीच्या दिवसात बांधावरून येणाऱ्या पाण्याचं ट्रेखाली साचून राहणंही मला नको. बाहेर काढायचा म्हणजे खिशात नाही, ओढणीच्या गाठीत नाही, काठावरच्या दगडावर तर नाहीच, कारण तिथं कुत्रं येते आणि लाळेचा वास असलेलं प्लास्टिक कुत्र्याला फार आवडते. भडक पिवळी डबी घेतली, तिला सुतळी बांधली, आणि डबी आजीकडे. आजी निंबाखाली बाजेवर बसते, डबी कमरेच्या पिशवीत. वेळ एक तास, आधी तीन-तीन तास चालायचं. तो तास भरून काढायला संध्याकाळचा चहा जेवणातच उरकायचा.

पोहून आल्यावर एक गोष्ट जवळपास प्रत्येक घरी होते, पन्हं किंवा लिंबू सरबत तयार असते. ट्रे घालून ते प्यायलं की साखर आणि आंबट दोन्ही ट्रेखाली कोंडून बसतात, ट्रे गेला तर वीस दिवस जातात, दात किडला तर परत येत नाही. आधी पन्हं, मग चूळ, मग ट्रे. ट्रे घालून फक्त साधं पाणी, माठातलं चालेल. आमच्या पाण्याचे क्षार ट्रेवर पांढरे बसतात, त्याला आठवड्यातून एकदा अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, पंधरा मिनिटं, मग नरम ब्रश आणि साधा साबण. पेस्ट नको, पेस्टनं ओरखडे पडतात आणि ओरखड्यात हळद बसते.

मेच्या शेवटी विहिरीचा गाळ काढला. तिसऱ्या दिवशी टोपल्यात गाळाबरोबर ट्रे वर आला, हिरवा झालेला, पण अख्खा, आतल्या बाजूचा १४ वाचता येत होता. पोरगी तेव्हा अमरावतीला होती. आजीनं तो घासला, आणि जंतू मरायला पाहिजेत म्हणून चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकला, दहा मिनिटं. मग पुढच्या बाजारच्या दिवशी स्वतः घेऊन आली, पदराच्या गाठीतून काढून टेबलावर ठेवला. आंब्याचं वाळलेलं सालपट जसं आत वळते तसा वळलेला, दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली.

"उकळून साफ केला डॉक्टरसाब, पण काऊन असा झाला?"

मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की नसता वाकला तरी तो घालता आला नसता, पोरीचे दात आता पुढं गेले. ट्रे मी ठेवून घेतला. ड्रॉवरमध्ये असतो, गरम पाण्यानं धुतलं तर चालते का असं कोणी विचारलं की काढून दाखवतो. पोरगी आता एकोणीस नंबरवर आहे. आजी बाजाराला आली की डोकावते आणि दरवेळी विचारते, "ते कव्हर हाय का टाकून देल्लं? असू द्या, लागन कधी."